द्रावकांची वाफ आणि मेंदू : परिणाम, पुरावा आणि जोखमीचे मापन

१. विषय आणि संज्ञा

तैलरंगाच्या डब्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात : रंग देणारी भुकटी, तिला धरून ठेवणारा बंधक आणि या दोघांना पातळ ठेवणारे द्रावक. रंग सुकला की पहिल्या दोन गोष्टी भिंतीवर राहतात, तिसरी हवेत जाते. ती हवा वर्षानुवर्षे श्वासात घेणाऱ्या माणसाच्या मेंदूचे काय होते आणि ते आपल्याला कितपत खात्रीने सांगता येते, हा या विवेचनाचा विषय आहे.

द्रावक हे एका पदार्थाचे नाव नसून मोठ्या कुळाचे नाव आहे. थिनरमधले टोल्युइन व झायलिन, चिकटवणाऱ्या सोल्युशनमधले एन-हेक्झेन, धातूवरचे ग्रीस काढणारे ट्रायक्लोरोएथिलीन, ड्रायक्लीनिंगमधले परक्लोरोएथिलीन, रेयॉनच्या कारखान्यातले कार्बन डायसल्फाइड ही सगळी याच कुळातली. रासायनिक घडण वेगवेगळी असली तरी दोन गुण बहुतेकांत सारखे : ही द्रव्ये लवकर उडतात आणि चरबीत सहज विरघळतात. कारागिराला ती उपयोगी पडतात ती या दोन गुणांमुळे, आणि मेंदूला घातक ठरतात तीही याच दोन गुणांमुळे.

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्द वेगळे करायला हवेत. धोका हा पदार्थाच्या अंगचा गुण आहे. तो धोका एखाद्या माणसाच्या बाबतीत प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता म्हणजे जोखीम. झाकण घट्ट लावलेल्या डब्यातल्या टोल्युइनमध्ये धोका आहे, जोखीम जवळजवळ नाही. तेच टोल्युइन बंद खोलीत कपाटाच्या दारावर फवारले की जोखीम उभी राहते. धोका प्रयोगशाळा सांगू शकते. जोखीम ठरवायची तर कामाच्या जागी जावे लागते.

२. वाफ मेंदूपर्यंत कशी पोहोचते

मुख्य वाट श्वासाची. त्वचेची वाट दुय्यम असली तरी नगण्य नाही. हाताचा रंग काढायला थिनरचा बोळा फिरवण्याची सवय जवळजवळ प्रत्येक पेंटरला असते, आणि त्यातला काही भाग थेट रक्तात जातो.

फुप्फुसातून रक्तात किती वाफ उतरेल, हे ती रक्तात किती विरघळते यावर ठरते. एन-हेक्झेन रक्तात फारसे विरघळत नाही. टोल्युइनचे रक्तातले प्रमाण समतोल साधेपर्यंत हवेतल्या प्रमाणाच्या सुमारे पंधरापट होते, तर अ‍ॅसिटोनचे दोनशेपटीच्या वर जाते. जे द्रव्य रक्तात चांगले विरघळते, त्याच्या बाबतीत माणूस किती वेगाने श्वास घेतो हे निर्णायक ठरते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. शिडीवर चढून छत घासणारा, पिंप उचलणारा माणूस त्याच्या कित्येक पट घेतो. हवेतले प्रमाण एकच असले तरी खुर्चीत बसलेल्या मुकादमाची मात्रा आणि राबणाऱ्या हाताची मात्रा एक नसते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण सातवा हिस्सा त्याच्याकडे जातो. पाणी वगळले तर मेंदूच्या उरलेल्या वजनात निम्म्याहून जास्त भाग चरबीचा असतो. रक्त आणि मेंदू यांच्यामधला जो पडदा अनेक औषधांना अडवतो, तो चरबीत विरघळणाऱ्या या लहान रेणूंना अडवू शकत नाही. त्यामुळे काही मिनिटांतच वाफ मेंदूत पोहोचते.

बाहेर पडण्याची वाट मात्र लांब आहे. टोल्युइनचे यकृतात बेंझोइक आम्ल आणि त्यापासून हिप्युरिक आम्ल बनून ते लघवीवाटे जाते. काही भाग शरीराच्या चरबीत साठतो आणि तिथून हळूहळू सुटतो, म्हणून आठवड्याच्या अखेरीस शरीरातला शिल्लक साठा सोमवारपेक्षा जास्त असतो. दारूचे आणि या द्रव्यांचे विघटन करणारी यकृतातली यंत्रणा बऱ्याच अंशी सामाईक आहे. दारू पोटात असताना झायलिन रक्तात जास्त प्रमाणात आणि जास्त वेळ राहते, हे प्रयोगांत दिसलेले आहे.

३. मेंदूत काय घडते

तात्कालिक परिणाम हा भुलीचा परिणाम आहे. ही उपमा नाही, शब्दशः तसेच आहे. १८४७ साली भूल देण्यासाठी वापरात आलेला क्लोरोफॉर्म याच कुळातला, आणि ट्रायक्लोरोएथिलीनही एके काळी शस्त्रक्रियेत व बाळंतपणात भूल म्हणून दिले जात असे. मेंदूतल्या शमन करणाऱ्या ‘गाबा’ संदेशवहनाला ही द्रव्ये बळ देतात आणि उत्तेजन देणाऱ्या ‘एनएमडीए’ ग्राहकांना दाबतात. डोके हलके होणे, चक्कर, मळमळ, प्रतिक्रिया मंदावणे, आणि मात्रा वाढली तर बेशुद्धी, हा क्रम त्यातून येतो. मोकळ्या हवेत आल्यावर तो सहसा ओसरतो.

दीर्घकालीन परिणामाला मात्र एकच यंत्रणा नाही. टोल्युइन मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षे हुंगणाऱ्यांच्या मेंदूत श्वेतद्रव्याची, म्हणजे तंतूंवरच्या चरबीयुक्त वेष्टनाची, झीज होते आणि एमआरआयमध्ये ती दिसते. एन-हेक्झेनचे शरीरात २,५-हेक्झेनडायोन बनते. ते मज्जातंतूंच्या आतल्या प्रथिनधाग्यांना एकमेकांत गुंतवते, आणि सर्वांत लांब तंतू आधी निकामी होत असल्याने मुंग्या पायाच्या बोटांपासून सुरू होतात. ट्रायक्लोरोएथिलीनचा संबंध कंपवाताशी दिसतो. अमेरिकेतल्या कँप लजून या लष्करी तळाच्या पिण्याच्या पाण्यात हे द्रव्य मिसळले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे राहिलेल्या सैनिकांना, स्वच्छ पाणी असलेल्या दुसऱ्या तळावरच्या सैनिकांच्या तुलनेत, कंपवाताचा संभव सुमारे ७० टक्क्यांनी जास्त आढळला.

म्हणून ‘द्रावकांनी मेंदू बिघडतो का’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. कोणते द्रव्य, किती, किती काळ आणि कशाच्या जोडीने, इतके विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

४. परिणामांच्या पायऱ्या

१९८५ साली या विषयावर दोन आंतरराष्ट्रीय बैठका झाल्या, एक कोपनहेगनला जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आणि दुसरी अमेरिकेत रॅली इथे. रॅलीच्या बैठकीतले वर्गीकरण आजही उपयोगी पडते.

पहिला प्रकार : थकवा, चिडचिड, विसराळूपणा या केवळ तक्रारी. चाचणीत दोष सापडत नाही आणि संपर्क थांबला की बरे वाटते.

दुसरा प्रकार, उपप्रकार ‘अ’ : स्वभावात टिकून राहणारा बदल. उदासी, उतावीळपणा, कशातच रस न वाटणे.

दुसरा प्रकार, उपप्रकार ‘ब’ : लक्ष, स्मृती आणि हालचालींचा वेग यांत चाचणीने दाखवता येणारी घट.

तिसरा प्रकार : सर्वांगीण बौद्धिक ऱ्हास. व्यवसायातल्या संपर्काने इतकी अवस्था क्वचित येते. हुंगण्याच्या व्यसनात ती जास्त दिसते.

यातला दुसऱ्या प्रकाराचा ‘ब’ हा दीर्घकालीन द्रावकजन्य मेंदूविकृतीचा गाभा. तिचे एक लक्षण निदानाला फार मदत करते : संपर्क थांबल्यावर ती सहसा वाढत नाही. अल्झायमर पुढे सरकत राहतो, ही विकृती बहुधा आहे तिथे थांबते. म्हणजेच ती वेळेत ओळखली तर उरलेले वाचवता येते. ओळखायला उशीर झाला तर मात्र गेलेले बहुतेक परत येत नाही.

५. पुरावा कसा जमला आणि कुठे डळमळला

पहिली स्पष्ट नोंद पॅरिसमधली. रबराचे पातळ फुगे बनवणाऱ्या कामगारांना कार्बन डायसल्फाइडमुळे वेडाचे झटके, स्मृतिभ्रंश आणि अशक्तपणा येतो, असे ऑग्युस्त देलपेश या डॉक्टरने १८५६ पासून मांडले. पुढे व्हिस्कोज रेयॉनच्या उद्योगाने हेच द्रव्य मोठ्या प्रमाणात वापरले. आपल्याकडे कल्याणजवळच्या शहाड-मोहने पट्ट्यात हा उद्योग स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत वाढला, म्हणून कार्बन डायसल्फाइडचा इतिहास महाराष्ट्रालाही परका नाही.

कार्बन डायसल्फाइडचा परिणाम इतका उघड होता की त्यावर फार वाद झाला नाही. वाद झाला तो रंगाऱ्यांवरून. १९७६ साली स्वीडनमध्ये ओलाव अ‍ॅक्सेल्सन व सहकाऱ्यांनी दाखवले की मानसिक-मज्जाविकारांमुळे वेळेआधी निवृत्तिवेतन घ्यावे लागण्याचा संभव द्रावकांत काम करणाऱ्यांमध्ये जवळजवळ दुप्पट आहे. १९८० साली डेन्मार्कमधल्या मिकेल्सन यांनी रंगाऱ्यांची तुलना गवंड्यांशी केली आणि अकाली बौद्धिक ऱ्हासामुळे निवृत्त होण्याचा संभव रंगाऱ्यांत तिपटीहून अधिक आढळला. गवंडी हा तुलनेचा गट नेमका निवडलेला होता. दोघेही त्याच इमारतीवर राबतात, शिक्षण आणि कमाईत फार फरक नसतो, पण गवंड्याच्या हातात सिमेंट असते आणि रंगाऱ्याच्या हातात टर्पेंटाइन.

नंतर १९८८ साली डेन्मार्कमध्येच गाडे, मॉर्टेन्सन आणि ब्रुन यांनी आधी निदान झालेल्या काही रुग्णांच्या चाचण्या पुन्हा तपासल्या. वय, शिक्षण आणि मूळ बौद्धिक पातळी जुळणाऱ्या माणसांशी तुलना केल्यावर बराचसा फरक नाहीसा झाला. टीकाकारांना वाटले, विषय संपला. तसे झाले नाही. चाचणीतला गुण एकटा काही सिद्ध करत नाही, आणि माणसाची तुलना त्याच्या कामापूर्वीच्या स्वतःशी किंवा त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसाशीच करायला हवी, हे त्यातून शिकायला मिळाले. त्यानंतरच्या अभ्यासांनी दारू, वय, शिक्षण, डोक्याला झालेल्या इजा यांचा हिशेब जास्त काटेकोरपणे धरला. तरीही मोठ्या मात्रेच्या दीर्घ संपर्कात लक्ष, स्मृती आणि वेग यांतली घट टिकून राहिली. अल्प मात्रेत चित्र अजून धूसर आहे.

उलट्या दिशेची चूकही लक्षात ठेवायला हवी. ज्यांना वास सहन होत नाही, चक्कर येते, ते काम सोडून जातात. सर्वेक्षणाच्या दिवशी कारखान्यात सापडतात ते टिकून राहिलेले. अशा पाहणीत परिणाम दिसला नाही, तरी परिणाम नाहीच असे म्हणता येत नाही.

६. जोखीम मोजण्याची रीत

१९८३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने चार पायऱ्यांची चौकट घालून दिली : धोका ओळखणे, मात्रा आणि परिणाम यांचे नाते ठरवणे, संपर्क मोजणे आणि या तिन्हींतून जोखीम मांडणे. ही चौकट कशी चालते ते टोल्युइनच्या उदाहरणात पाहू.

१९८३ सालच्या एका डॅनिश प्रयोगात निरोगी तरुणांना सहा तास १०, ४० आणि १०० पीपीएम, म्हणजे दशलक्ष भाग हवेत इतके भाग, टोल्युइनमध्ये बसवले. १० व ४० ला विशेष काही जाणवले नाही. १०० ला डोकेदुखी, चक्कर, भूल दिल्यासारखे वाटणे या तक्रारी आल्या. हा झाला तात्कालिक परिणाम. दीर्घ संपर्कासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००५ साली कामगारांवरचे अनेक अभ्यास एकत्र पाहिले. ज्या पातळीपर्यंत मज्जासंस्थेवर परिणाम दिसला नाही, तिची सरासरी ३४ पीपीएम, म्हणजे घनमीटरला १२८ मिलिग्रॅम निघाली.

हा आकडा निरोगी कामगाराचा आणि कामाच्या तासांपुरता. घरात दिवसरात्र राहणाऱ्या माणसासाठी तो बदलावा लागतो. कामगार दिवसभरात घेतलेल्या २० घनमीटर हवेपैकी १० घनमीटर कामावर घेतो आणि आठवड्यात पाच दिवस काम करतो. म्हणून १२८ ला १०/२० ने आणि ५/७ ने गुणले की सुमारे ४६ येतात. माणसामाणसांत फरक असतो. लहान मूल, गरोदर स्त्री, यकृताचा रुग्ण यांची सोसण्याची ताकद वेगळी. म्हणून त्याला १० ने भागून संस्थेने ५ मिलिग्रॅम हा आकडा ठरवला. तो १.३ पीपीएमच्या आसपास येतो.

या हिशेबातला शेवटचा भागाकार माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे. तो निसर्गाचा नियम नाही, तो न्यायाचा निर्णय आहे. जिथे आपल्याला पुरेसे ठाऊक नाही, तिथे त्या अज्ञानाचे ओझे कोणी उचलायचे? श्वास घेणाऱ्याने की वाफ सोडणाऱ्याने? दहाने भागणे म्हणजे ते ओझे श्वास घेणाऱ्याच्या अंगावर न टाकणे.

कामाच्या जागेसाठी मात्र हाच न्याय सगळीकडे सारखा लावला जात नाही. आठ तासांच्या सरासरीसाठी अमेरिकेतल्या ओशा या सरकारी यंत्रणेची टोल्युइनची मर्यादा २०० पीपीएम. आपल्या कारखाने अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने, भोपाळच्या दुर्घटनेनंतर, आलेल्या दुसऱ्या अनुसूचीत ती १०० पीपीएम होती. अमेरिकेतल्याच एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने २००७ पासून सुचवलेली मर्यादा २० पीपीएम. मेंदू एकच, आकडे तीन. जी मर्यादा कायद्याने बसते ती मेंदूला सुरक्षितच असेल, असे या आकड्यांकडे पाहून कोणी म्हणू नये.

७. आकड्यापासून खोलीपर्यंत

कागदावरची मर्यादा कामाच्या खोलीत आणून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी बंद खोली. फक्त १०० मिलिलिटर टोल्युइन, म्हणजे लहानशी वाटीभर, पूर्णपणे उडून खोलीत सारखे पसरले, तर हवेतले प्रमाण सुमारे ८०० पीपीएम होते. अमेरिकेच्या नायोश संस्थेने तत्काळ घातक मानलेली पातळी ५०० पीपीएम आहे. लाकडी सामानाला पॉलिश किंवा लॅकर मारताना एका दिवसात थिनर लिटरने संपतो. उघडी खिडकी आणि वाहता वारा हेच त्या खोलीत जीव वाचवणारे उपकरण असते, आणि धूळ बसू नये म्हणून पॉलिशवाले नेमके तेच बंद करतात.

हवामानाचाही हिशेब धरायला हवा. २० अंशांना टोल्युइनचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे २२ मिलिमीटर असतो, ४० अंशांना ५९. स्टॉकहोमच्या थंड खोलीतला डबा आणि विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात उघडलेला डबा, या दोहोंत वाफेचा जोर जवळजवळ पावणेतीन पट वेगळा.

मिश्रणाचा हिशेब तिसरा. थिनरमध्ये एकच द्रव्य नसते. सारखाच परिणाम करणाऱ्या द्रव्यांसाठी प्रत्येकाचे प्रमाण त्याच्या मर्यादेने भागून येणाऱ्या अपूर्णांकांची बेरीज करतात, आणि ती एकापेक्षा जास्त नसावी असा नियम आहे. कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत टोल्युइन आणि झायलिन दोघांची मर्यादा १०० पीपीएम होती. हवेत दोन्ही ६०-६० असतील तर प्रत्येक द्रव्य नियमात बसते, पण बेरीज १.२ होते. दोघे निर्दोष आणि मिश्रण दोषी, असा हा प्रकार आहे.

चौथी गोष्ट शिखराची. आठ तासांची सरासरी चांगली दिसते, पण टाकी आतून साफ करताना पंधरा मिनिटांत मेंदूला जो तडाखा बसतो तो त्या सरासरीत बुडून जातो. बेशुद्ध होईपर्यंतच्या अशा प्रसंगांची संख्या कामगाराला विचारलीच पाहिजे.

नाकावर विसंबून चालत नाही. टोल्युइनचा वास काही पीपीएमलाच येतो खरा, पण थोड्या वेळात नाक सरावते. रुमाल किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. त्याला सक्रिय कोळशाची डबी बसवलेला मास्क लागतो, आणि ती डबी वेळोवेळी बदलावी लागते.

८. माणसाची तपासणी

शरीरात द्रव्य किती गेले हे लघवीतून कळते. कामाची पाळी संपताना घेतलेल्या नमुन्यात टोल्युइन किंवा ऑर्थो-क्रेसॉल मोजतात. हिप्युरिक आम्लाची चाचणी स्वस्त आहे, पण बाटलीबंद सॉस, लोणची, थंड पेये यांत टिकवण्यासाठी घातलेल्या सोडियम बेंझोएटमुळेही ते वाढते, म्हणून कमी संपर्कात तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय या चाचण्या गेल्या एक-दोन दिवसांचीच गोष्ट सांगतात. गेल्या वीस वर्षांची नोंद लघवीत नसते, ती माणसाच्या आठवणीत असते, आणि आठवणीवरच घाव पडलेला असतो. म्हणून पत्नी, मुलगा, जोडीदार कारागीर यांच्याशी बोलणे हा सौजन्याचा नव्हे, निदानाचा भाग आहे.

प्राथमिक चाळणीसाठी स्वीडनमध्ये सोळा प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. घरचे लोक तुम्हाला विसराळू म्हणतात का, शर्टाची बटणे लावायला त्रास होतो का, असे साधे प्रश्न तिच्यात आहेत. वर्तमानपत्रातला मजकूर समजतो का, असाही एक प्रश्न आहे. चौथीत शाळा सुटलेल्या कारागिराला तो जसाच्या तसा विचारण्यात अर्थ नाही. आकड्यांची जुळणी, आकृती लक्षात ठेवणे अशा चाचण्यांतही शाळेची सवय मदतीला येते. तेव्हा तुलनेसाठी त्याच वस्तीतले, तेवढेच शिकलेले, द्रावकांशी संबंध नसलेले लोक घेतले पाहिजेत. अक्षरज्ञान न लागणाऱ्या तपासण्याही आहेत : प्रतिक्रियेचा वेग, निळ्या-पिवळ्या छटा ओळखण्याची क्षमता, आणि ऐकू येणे. टोल्युइन व स्टायरिन गोंगाटाच्या जोडीने कानाला जास्त इजा करतात.

निदान करताना बाकीच्या शक्यता वगळाव्या लागतात : दारू, नैराश्य, घोरण्यामुळे तुटणारी झोप, जीवनसत्त्व बी-१२ची कमतरता, थायरॉइड, मधुमेह. वगळणे आणि दुर्लक्ष करणे यांत मात्र फरक आहे. रंगारी पितो, एवढ्यावरून त्याचा आजार दारूचाच ठरवणे हे शास्त्र नाही. तो पीत असेल तर झायलिन त्याच्या रक्तात जास्त वेळ टिकले असेल, हेही तितकेच शास्त्र आहे.

९. निष्कर्ष

या विवेचनातून तीन विधाने ठामपणे करता येतात. एक, द्रावकांचा मेंदूवरचा तात्कालिक परिणाम निर्विवाद आहे आणि मोठ्या मात्रेच्या दीर्घ संपर्काने टिकणारी हानी होते. दोन, अल्प मात्रेबाबत पुरावा अपुरा आहे, पण अपुरा पुरावा म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. तीन, हानी झाल्यावर उपचार फारसा नाही. म्हणून सगळा भर संपर्क कमी करण्यावर हवा.

तो कसा कमी करायचा याचा क्रम ठरलेला आहे : आधी पदार्थ बदला, मग वाफ उगमापाशीच खेचून घ्या, मग कामाची पद्धत बदला, आणि मास्क सगळ्यांत शेवटी. नेदरलँड्सने २००० सालापासून व्यावसायिक रंगाऱ्यांना घरात पाण्यात मिसळणारे रंग वापरणे बंधनकारक केले, आणि पुढच्या वर्षांत तिथे या विकृतीच्या नव्या रुग्णांची संख्या घटत गेली. रंग बदलल्यावर आजार कमी झाला.

आपल्याकडे कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कार्बन डायसल्फाइड आणि बेंझिनची विषबाधा नोंदवण्याजोगी मानली गेली. टोल्युइन-झायलिनच्या मिश्रणाने होणाऱ्या मेंदूविकृतीला मात्र तिथे स्वतंत्र नाव नव्हते. मुंबईच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत चपलेला सोल्युशन लावणारा, तालुक्याच्या गॅरेजात गाडीवर स्प्रे मारणारा, नव्या फ्लॅटमध्ये रात्रभर पॉलिश करणारा हा बहुधा कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. त्याची हवा कोणी मोजत नाही. त्याला मोजण्याची पहिली जागा दवाखाना आहे. १७०० साली बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने रोग्याला विचारायच्या प्रश्नांत एकाची भर घातली : तुम्ही कोणता धंदा करता? विसरायला होते, चिडचिड होते, डोके जड राहते असे सांगत चाळिशीचा माणूस समोर बसला, तर हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिट पुरते. उत्तर ‘पेंटर’ असे आले, तर त्यापाठोपाठ आणखी दोन प्रश्न यावेत : खिडकी उघडी असते का, आणि थिनरने हात धुता का. द्रावकांची जोखीम मोजण्याचे काम महागड्या यंत्राची वाट पाहत नाही, ते या दोन प्रश्नांपासून आजच सुरू करता येते.